एकशे नव्वद ग्रॅम

"सिस्टर, काट्याकडे नका बघू, माझ्याकडे बघा. आणि जरा हसा की," ग्रंथपाल म्हणाले.

"बाळाचं वजन घेताना कोण हसतं हो?" सिस्टर म्हणाल्या. "आणि काट्याकडे नाही बघायचं तर कुठं बघायचं? चुकेल ना."

मॅडम दाराशी उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्याला ताप झाला होता. संस्थेचा फोटोग्राफर संचालकांबरोबर कुठल्याशा समारंभाला गेला होता, म्हणून ग्रंथपालांना फोन घेऊन पाठवलं होतं. ग्रंथपाल माणूस भला, पण त्यांनी आतापर्यंत काढलेल्या सव्वीस फोटोंपैकी अकरा फोटोंत त्यांचंच बोट आलं होतं. फोटो हवा होता मूल्यांकनाच्या अर्जासाठी. अर्जात 'संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम' असा एक रकाना होता आणि त्यात फोटो जोडल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं. पस्तीस वर्षं बाळांच्या आरोग्यावर संशोधन केलेल्या बाईला आता हे सिद्ध करायचं होतं की समाजावर तिचा काही परिणाम झाला आहे, आणि तोही पाच एमबीच्या आत.

म्हणून ते दोघं गाडीने अडीच तास हादरे खात या खाणीजवळच्या आरोग्य उपकेंद्रात आले होते. बावीस वर्षांपूर्वी मॅडमचा तो गाजलेला शोधनिबंध इथूनच निघाला होता. दगडाच्या खाणीच्या धुळीत राहणाऱ्या आयांची बाळं जन्मतःच सरासरी एकशे ब्याऐंशी ग्रॅमने हलकी असतात, असं त्यात दाखवलं होतं. पाच उपकेंद्रं, एक खाणीजवळचं आणि चार तुलनेसाठी लांबची, तीन वर्षं, चार हजार बाळं. या निबंधाने मॅडमना मॅडम केलं. जगभरातल्या अकराशेहून जास्त निबंधांत त्याचा आधार घेतला गेला होता, आणि हा आकडा ग्रंथपाल दर सोमवारी न चुकता येऊन सांगत, घरातल्या पोराचे गुण सांगावेत तसे.

सिस्टर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. फोटोसाठी त्यांना घरून बोलावलं होतं. त्यांनी जुना पांढरा युनिफॉर्म इस्त्री करून घातला होता आणि तो कमरेत घट्ट होत होता. जुना टांगता वजनकाटाही कपाटातून काढला होता. घड्याळासारखी तबकडी, खाली लोखंडी आकडा, आकड्याला कापडी झोळी. त्या दिवशी केंद्रात एकही बाळ नव्हतं, म्हणून दुकानातून पिठाची पिशवी आणली होती.

"तिला टॉवेलात गुंडाळू या," ग्रंथपालांनी सुचवलं. "बाळासारखी दिसेल."

"छे छे. टॉवेलचं वजन येईल त्यात."

"अहो, फोटोच काढायचाय!"

"फोटो असला म्हणून काय झालं?" असं म्हणून सिस्टरनी रिकामी झोळी आकड्याला अडकवली, चष्मा वर सरकवला, तबकडीखालचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला आणि मग झोळीत पिशवी ठेवली. काटा दोनवर थांबला. सिस्टरनी खिशातलं पेन काढून टेबलावरच्या कागदावर सवयीने आकडा लिहिला. ग्रंथपालांनी वाकून वाचलं.

"एक किलो आठशे दहा? अहो, पिशवीवर दोन किलो छापलंय."

"मग कंपनी लबाड असेल. आमचा काटा बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या.

ग्रंथपाल हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या दारातून पुढे आल्या.

"सिस्टर, काटा दोनवर होता. तुम्ही आठशे दहा का लिहिलंत?"

"झोळीचे एकशे नव्वद वजा नको करायला? तुम्हीच तर शिकवलंय."

"पण झोळी लावून तुम्ही काटा आधीच शून्यावर आणलात ना?"

"हो. आणावाच लागतो."

"कुणी सांगितलं?"

"काटेदुरुस्तीवाला आला होता ना, तुमचं काम सुरू झालं त्याच महिन्यात. तो म्हणाला, सिस्टर, झोळी अडकवूनच शून्य करत जा. आणि तुमच्या कागदावर लिहिलेलं होतं, झोळीचं वजन वजा करा." सिस्टरनी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मी दोघांचंही ऐकलं. कुणाचंच मोडलं नाही."

झोळी एकदा काट्याने वजा केली होती आणि एकदा सिस्टरनी. दोन किलोचं पीठ एक किलो आठशे दहा. तीन किलोचं बाळ दोन किलो आठशे दहा. तीन वर्षं, आणि तेही खाणीजवळच्या केंद्रात.

"तीन वर्षं असंच?"

"एक दिवस चुकले नाही मी," सिस्टर अभिमानाने म्हणाल्या. "काय झालं मॅडम? काही चुकलं का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचं काही चुकलं नाही." आणि हे खरं होतं, हाच तर सगळा वैताग होता.

परतीच्या वाटेवर ग्रंथपाल अखंड बोलत होते. कदाचित बाकीच्या चार केंद्रांतही असंच करत असतील, मग फरक तसाच राहील की. कदाचित सिस्टरना नीट आठवत नसेल, वय झालंय. आपल्या कपाटात याचं उत्तर आहे हे मॅडमना ठाऊक होतं.

दर महिन्याला प्रत्येक केंद्राने काटा तपासून वहीत नोंद करून ती पाठवायची असा नियम मॅडमनीच घालून दिला होता. त्यात एक रकाना होता: रिकामी झोळी लावल्यावर काटा किती दाखवतो. मॅडमनी खालच्या खणातून पाचही वह्या काढल्या. चार केंद्रांनी दर महिन्याला लिहिलं होतं १९०. खाणीजवळच्या केंद्राच्या वहीत, सिस्टरच्या टपोऱ्या अक्षरात, दर महिन्याला लिहिलं होतं शून्य. छत्तीस महिने, छत्तीस शून्यं. आणि प्रत्येक शून्याशेजारी 'तपासले' असं लिहून मॅडमची सही होती. तेव्हा त्यांची सही किती झोकदार होती! वाचायला मात्र त्यांना सवड झाली नव्हती.

हिशेब करायला कॉम्प्युटरचीही गरज नव्हती. झोळी एकशे नव्वद ग्रॅमची, निबंधातला फरक एकशे ब्याऐंशीचा. खाणीजवळची बाळं उलट आठ ग्रॅमने जड निघत होती, म्हणजे फरक काहीच नव्हता. बावीस वर्षं जग मॅडमच्या झोळीचं वजन उद्धृत करत होतं.

हे सगळं कळल्यावर त्यांना जी आठवण आली ती निबंधाची नव्हती, शेंडेफळाची होती.

शेंडेफळ ही त्यांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. विभागातच हे नाव पडलं होतं. तिने दुसरी, याहून मोठी खाण घेतली होती. तिथे धूळ जास्त होती, काटा नवीन इलेक्ट्रॉनिक होता, आणि दोनशे चाळीस बाळांत तिला काहीही फरक दिसला नव्हता. मॅडमनी तिचा तक्ता बघून म्हटलं होतं, "जास्त धुळीत फरक कमी? वजनं नीट घेतलेली नाहीत तू." तिने आणखी एक वर्ष मोजलं. पुन्हा काही नाही. मॅडमनी प्रबंधावर सही केली नाही. "नाही म्हणत नाही मी, पण हे असं माझ्या नावाखाली जाणार नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. पुढच्या जूनमध्ये ती पीएच.डी. सोडून गेली. तेरा वर्षं झाली. शाळेत विज्ञान शिकवते, असं कुणीतरी सांगितलं होतं.

तिला फोन करावा असं मॅडमना त्याच संध्याकाळी वाटलं. पण आधी निबंध मागे घेऊ, मग सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. हातात काहीतरी कागद असलेला बरा.

दुसऱ्या दिवशी त्या संचालकांकडे गेल्या. संचालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वयाने मॅडमहून लहान होते आणि रागवायचं असलं की जास्तच आदराने बोलत.

"मॅडम, तुमचा प्रामाणिकपणा बघून मला खरंच भरून आलं. पण मूल्यांकनाची समिती येतेय पुढच्या महिन्यात."

"म्हणूनच आत्ता सांगतेय."

"संस्थेच्या दहा वर्षांच्या सगळ्या पेपरांची उद्धरणं एकीकडे आणि हा एक पेपर एकीकडे. तो काढला तर आपण कुठे जाऊ माहितीये?"

"जिथे आहोत तिथे."

संचालकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "बरं, दुसरं बघा. त्या पेपरमुळे खाणी वस्तीपासून लांब गेल्या. लोकांचा खोकला थांबला. यात कुणाचं काय वाईट झालं? धूळ वाईटच असते हो."

"धुळीने खोकला होतो याचे शंभर खरे पेपर आहेत. ते दाखवा ना. हा नको."

"तुमचं निवृत्तीनंतरचं मानद प्राध्यापकपद. पाच वर्षं. तुमची खोली, तुमची प्रयोगशाळा. फाइल माझ्या टेबलावर आहे." त्यांनी फाइल खरंच दाखवली. "एवढी समिती जाऊ द्या. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय, हे मॅडमना पस्तीस वर्षांच्या नोकरीत चांगलं कळलं होतं. असली घोंगडी त्यांनी स्वतःही भिजत ठेवली होती. त्या उठल्या.

"मी आजच जर्नलला लिहितेय," त्या म्हणाल्या.

लिहिणं सोपं आहे असं त्यांना वाटलं होतं. निबंध छापून यायला आठ महिने लागले होते, मागे घ्यायला आठ दिवस लागतील असा त्यांचा अंदाज होता. जर्नलच्या संकेतस्थळावर निबंध मागे घेण्याची कारणं आधीच लिहून ठेवलेली होती आणि त्यातलं एक निवडायचं होतं. वाङ्मयचौर्य, खोटी माहिती, चित्रांत फेरफार, लेखकांतले वाद. 'लेखकाकडून चूक झाली' असं कारणच नव्हतं. मॅडमनी 'इतर' निवडलं. पाठवलेला अर्ज चार दिवसांनी परत आला: सर्व लेखकांची लेखी संमती जोडावी.

लेखक अकरा होते.

अकरा जणांनी मिळून ती बाळं मोजली होती असं नाही. मोजली होती पाच सिस्टरनी, आणि त्यांची नावं आभारातही नव्हती, 'केंद्रांतील कर्मचारी' असं एकत्र गुंडाळलं होतं. अकरांपैकी चौघांनी काम केलं होतं. बाकीचे सात म्हणजे कुणी विभागप्रमुख होता म्हणून, कुणी वजनकाटे मंजूर करून दिले म्हणून, कुणी आपल्या निबंधात मॅडमचं नाव घातलं होतं त्याची परतफेड म्हणून. यालाच अर्जात 'संशोधन सहकार्य' म्हणत. मॅडमनी एकेकाला फोन लावायला घेतला आणि त्यांच्या नाकी नऊ आले.

"कुठला पेपर?" पहिल्याने विचारलं. हा गृहस्थ त्या निबंधाच्या जोरावर प्राध्यापक झाला होता.

"वजनांचा. खाणीचा."

"हां हां. मी होतो का त्यात?"

दुसरीने सांगितलं की तिने नाव घाला असं कधी म्हटलंच नव्हतं, तेव्हा काढा असं तरी तिने का म्हणावं. तिसरा आता कुठल्याशा आंतरराष्ट्रीय संस्थेत मोठा सल्लागार होता. त्याने चहा पिता पिता सांगितलं की त्याचं वकिलांशी बोलणं व्हायला हवं. चौथ्याचा फोन त्याच्या बायकोने उचलला. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मॅडम ओशाळल्या. बायकोने मात्र आपणहून विचारलं, "त्यांनी काही चूक केली होती का?" मॅडम म्हणाल्या, "नाही हो, त्यांनी केली नव्हती." त्या निबंधात त्यांनी काहीच केलं नव्हतं, हे मात्र मॅडमना बोलवलं नाही.

सगळ्यात शेवटचं नाव सरांचं होतं. सर म्हणजे मॅडमचे गुरू, वय शहाऐंशी. मॅडम त्यांच्या घरी गेल्या, वह्या दाखवल्या. सरांनी भिंगातून छत्तीसच्या छत्तीस शून्यं पाहिली आणि बराच वेळ पानं उलटत बसले.

"माझ्यानंतर घे ना मागे," ते म्हणाले. "असे किती दिवस राहिलेत माझे?"

"सर, 'किती दिवस राहिलेत' हे तुम्ही अकरा वर्षांपूर्वीही म्हणाला होतात, पंच्याहत्तरीच्या वेळी."

सर हसले, मग त्यांचे डोळे भरून आले. "अगं, शेवटचा मोठा पेपर तोच ना आपला. लोक भेटायला येतात ते त्याच्यावरच बोलतात."

मॅडमना त्यांचा रागही आला आणि कणवही आली. लहान मुलाच्या हातून खेळणं काढून घेतल्यासारखं वाटत होतं. अर्ध्या तासाने सरांनी पेन मागितलं. सही करायला त्यांना खूप वेळ लागला. मग कागद लांब धरून म्हणाले, "बघ बरं, ओळखू येतीये का माझी?"

अशा सह्या गोळा करता करता पाच महिने गेले. मधल्या काळात समिती येऊन गेली. मॅडमनी आपल्या अर्जातून तो निबंध काढला. संचालकांनी संस्थेच्या अर्जात तो तसाच ठेवला, कारण मागे घेतल्याचं अजून छापून आलेलं नव्हतं आणि नियमाने त्यांचं बरोबर होतं. मॅडमनी समितीसमोर उभं राहून सांगितलं की तो निबंध चुकीचा आहे. समितीच्या अध्यक्षांनी त्यांचे आभार मानले आणि पुढचा मुद्दा घेतला. त्यानंतरच्या आठवड्यात मानद प्राध्यापकपदाची फाइल कुठेतरी गहाळ झाली. लिफ्टमध्ये मॅडम शिरल्या की आतले लोक आपापल्या फोनमध्ये बघू लागत.

घरी मॅडमची चिडचिड नवऱ्यावर निघत होती. तो निवृत्त इंजिनिअर होता, स्वभावाने थंड, आणि त्या थंडपणानेच मॅडमच्या अंगाचा तिळपापड होई.

"आता जर्नल म्हणतं, मेलेल्या माणसाची संमती त्याच्या संस्थेकडून आणा. त्याची संस्था म्हणते, असा फॉर्मच नाही. मी काय करू, सांग? चूक कबूल करायला यांच्या दारात किती वेळा उभं राहायचं मी?"

"अगं, सगळ्यांना सांगून झालं ना तुझं?"

"बाकीच्या लेखकांना. संचालकांना. समितीला. संपादकाला सतरा वेळा."

"आणि त्या मुलीला?"

मॅडमनी टेबलावरचे कागद आवरायला घेतले.

"ती इथं यायची तेव्हा वजनांच्या वह्या घेऊन यायची," नवरा म्हणाला. "मी चहा दिला तर वह्या आधी बाजूला ठेवायची, डाग पडू नये म्हणून. तेवढंच आठवतंय मला."

"छापून येऊ दे. मग जाते तिच्याकडे," मॅडम म्हणाल्या, आणि स्वतःच्याच तोंडी संचालकांचं 'मग बघू' ऐकून आणखी चिडल्या.

अखेर छापून आलं. निबंधाच्या वर तांबड्या अक्षरांत एक ओळ, आणि खाली मॅडमनी लिहिलेला परिच्छेद. संपादकाने तो कापून चार ओळींचा केला होता. सिस्टरनी केंद्राला मिळालेल्या सूचना काटेकोर पाळल्या, सूचनांतली विसंगती आणि वह्या न वाचण्याची चूक पहिल्या लेखिकेची, एवढं मात्र मॅडमनी भांडून ठेवून घेतलं होतं.

सोमवारी ग्रंथपाल आले आणि दारातच घुटमळले.

"बोला," मॅडम म्हणाल्या.

"अकराशे चौसष्ट झाले."

"कशाचे?"

"त्या पेपरचे. या आठवड्यात तीन नवीन."

"अहो, मागे घेतलाय ना तो! वर तांबड्या अक्षरांत लिहिलंय!"

"हो. पण वर कोण बघतंय मॅडम? आधीच्यांनी घेतला म्हणून पुढचे घेतात. वाचतो कोण?" ग्रंथपालांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "एकाने तर तुमचं मागे घेतल्याचं निवेदनच आधार म्हणून दिलंय, की खाणीजवळची बाळं हलकी असतात."

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. ग्रंथपालांनी घाईघाईने पाणी दिलं. मग मॅडमनी पर्स उचलली, निवेदनाची एक प्रत घडी करून आत ठेवली आणि त्या निघाल्या. ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकी कुणालाच ते नको होतं, आणि जिला हवं होतं तिला सांगायचंच राहिलं होतं.

शाळा तिमजली होती. फाटकावरच्या माणसाने वहीत नाव लिहून घेतलं आणि 'कामाचे स्वरूप' विचारलं. मॅडम म्हणाल्या, "वैयक्तिक." मधली सुट्टी चालू होती. दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात शेंडेफळ उभी होती. केस थोडे पिकलेले, चष्मा तसाच जाड, बोटांना खडू. तिने मॅडमना पाहिलं आणि विद्यार्थ्यासारखी पटकन सरळ झाली.

"मॅडम, तुम्ही? बसा ना. खुर्ची आणते."

"नको. उभ्यानेच बोलते." मॅडमनी पर्समधून घडी काढली, पण ती उघडली नाही. अडीच पानांचं बोलणं त्यांनी गाडीत जुळवलं होतं, त्यातलं काहीही आठवेना. "माझा तो पेपर चुकीचा होता. मी मागे घेतला."

"खाणीचा?"

"खाणीचा. झोळीचं वजन दोनदा वजा झालं होतं. माझ्याच सूचनेमुळे."

खाली अंगणात पोरांचा गलका चालू होता.

"झोळी किती होती?" तिने विचारलं.

"एकशे नव्वद."

"आणि फरक एकशे ब्याऐंशी." तिला तो आकडा अजून पाठ होता. "म्हणजे काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं."

"म्हणजे माझी..."

"तुझी बरोबर होती."

"सगळी?"

"सगळी. दोनशे चाळीस. आणि दुसऱ्या वर्षीची पण."

ती खडूची बोटं ओढणीला पुसत राहिली. "दुसऱ्या वर्षी मी एकेक बाळ तीनतीनदा मोजायचे, मॅडम. तुम्ही म्हणालात ना, नीट घेतली नाहीत. आया वैतागायच्या, बाळाला थंडी वाजते म्हणायच्या. तिन्ही वेळा आकडा तोच यायचा. तरी मला वाटायचं, माझाच हात हलत असेल." ती किंचित हसली. "इथं प्रयोगशाळेत पण मी वजन घेत नाही. मुलांना घ्यायला लावते."

सतरा पत्रांत, समितीसमोर, संचालकांसमोर न आलेलं रडू आता मॅडमना येऊ पाहत होतं, आणि ते या मुलीसमोर काढणं हा आणखी एक अन्याय झाला असता. त्यांनी ते गिळलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुझा अभ्यास छापू या. तुझं एकटीचं नाव. माझं नको, कुणाचंच नको. मी स्वतः संपादकाशी भांडते. वह्या आहेत ना तुझ्याकडे?"

शेंडेफळाने मान हलवली.

"घर बदललं तेव्हा रद्दीत दिल्या. दोन पोती होती. नवरा म्हणाला, एकदा विचार कर. मी म्हटलं, चुकीची वजनं ठेवून काय करायचंय?"

घंटा झाली. पोरं जिने चढून धडाधडा वर आली आणि दोघींच्या मधून वर्गात पळाली. शेंडेफळ म्हणाली, "माझा तास आहे, मॅडम." मग काहीतरी राहिल्यासारखं थांबली आणि म्हणाली, "सांगायला आलात ते बरं केलंत." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मॅडमना परवडलं असतं.

ती वर्गात गेली. पोरं उभी राहिली, एका सुरात काहीतरी म्हणाली आणि बसली. शेंडेफळाने फळा पुसला, खडू उचलला आणि लिहायला हात वर केला. हात वरच राहिला. वर्गाकडे पाठ करून ती तशीच उभी राहिली, फळ्यावर एक अक्षरही न उमटवता. सुरुवातीला पोरं कुजबुजत होती, मग हळूहळू कुजबुजही थांबली. मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, "बाई, काय लिहायचं?" बाई वळल्या नाहीत. मॅडम बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या, आत जाता येत नव्हतं आणि निघताही येत नव्हतं.